मुहम्मद अली : शेवटची लढत कोणती, हे ठरवायचं कुणी?

मुहम्मद अली हे नाव आपल्या घरांत नवीन नाही. आजोबांच्या आणि वडिलांच्या पिढीने त्यांच्या लढतींच्या बातम्या वर्तमानपत्रात वाचल्या, रेडिओवर ऐकल्या. आजची मुलं त्याच लढती मोबाइलवर बघतात. ३ जून २०१६ रोजी वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांचा इंतिकाल झाला. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण जिंकलेल्या लढती सांगतात. लिस्टनला हरवलं, फोरमनला लोळवलं, सरकारपुढे झुकले नाहीत. हे सगळं खरंच आहे आणि आपल्या मुलांना ते माहीत असायलाच हवं.

पण आम्ही आज त्यांच्या आयुष्यातला एक वेगळा काळ सांगणार आहोत. १९७५ ते १९८१ या सहा वर्षांत अली यांनी बॉक्सिंग सोडायचं पुन्हा पुन्हा ठरवलं आणि पुन्हा पुन्हा ते रिंगमध्ये परतले. आणखी एक लढत, मग बस. मग आणखी एक. पूर्ण कारकिर्दीत ते ६१ लढती लढले आणि फक्त ५ हरले. त्या ५ पैकी ३ पराभव शेवटच्या ४ लढतींतले आहेत. हे कसं झालं, कुणी थांबवायचा प्रयत्न केला आणि कुणी केला नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

लुईव्हिलचा मुलगा

अमेरिकेच्या केंटकी राज्यात लुईव्हिल नावाचं शहर आहे. तिथे १७ जानेवारी १९४२ रोजी अली यांचा जन्म झाला. घरच्यांनी नाव ठेवलं कॅशियस मार्सेलस क्ले. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आई लोकांच्या घरी काम करायची. काळ्या लोकांना गोऱ्यांच्या हॉटेलात बसू दिलं जात नव्हतं, असा तो जमाना.

१२ वर्षांचा असताना कॅशियसची नवी सायकल चोरीला गेली. तो रडत, चिडत तक्रार करायला गेला. तिथे भेटलेले पोलीस जो मार्टिन हे फावल्या वेळात मुलांना बॉक्सिंग शिकवायचे. चोराला मारायचं असेल तर आधी मारायला शिक, अशी त्यांची समजूत घालण्याची रीत. तिथून सुरुवात झाली. सहा वर्षांनी, १९६० साली, रोम ऑलिम्पिकमध्ये या मुलाने सुवर्णपदक जिंकलं. त्यानंतर प्रशिक्षक अँजेलो डंडी त्यांच्यासोबत आले आणि शेवटच्या लढतीपर्यंत त्यांच्या कोपऱ्यात उभे राहिले.

हेवीवेट गटातले बाकीचे खेळाडू जड पावलांनी पुढे सरकत. कॅशियस मात्र पायांवर नाचत लढे. हात खाली सोडून डोकं फक्त मागे घ्यायचं आणि समोरच्याचा ठोसा हवेत जाऊ द्यायचा, ही त्याची खासियत. पुस्तकाप्रमाणे ही पद्धत चुकीची होती. ती चालली, कारण पाय तरुण होते आणि नजर तेज होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्यावरच येऊन थांबतं.

नाव, दीन आणि नकार

२५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामीत २२ वर्षांच्या कॅशियसने सनी लिस्टनला हरवलं आणि तो जगज्जेता झाला. लगेच त्याने जाहीर केलं की आपण नेशन ऑफ इस्लाम या संघटनेत आहोत. काही दिवसांतच त्याचं नाव मुहम्मद अली झालं. अनेक वर्तमानपत्रं पुढची कित्येक वर्षं जुनंच नाव छापत राहिली. अली आपल्या नावावर ठाम राहिले.

ही संघटना आपण ओळखतो तो इस्लाम शिकवत नव्हती, हेही सांगायला हवं. अली १९७२ साली हजला गेले. १९७५ मध्ये संघटनेचे प्रमुख एलिजा मुहम्मद वारले आणि त्यांचे पुत्र वॉरिस दीन मुहम्मद यांनी लोकांना सुन्नी इस्लामकडे आणलं. अली त्यांच्यासोबत त्या वाटेने आले.

त्याआधी १९६७ साल आलं. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. २८ एप्रिलला ह्यूस्टनच्या भरती केंद्रात अली यांचं नाव पुकारलं गेलं आणि ते पुढे झाले नाहीत. जगज्जेतेपद काढून घेतलं गेलं, लढण्याचे परवाने गेले, पासपोर्ट गेला. कोर्टाने ५ वर्षांची शिक्षा आणि १० हजार डॉलर दंड सुनावला. अपील चालू असल्याने तुरुंगात जावं लागलं नाही, पण साडेतीन वर्षं रिंग बंद राहिली. १९७१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा एकमताने रद्द केली.

वयाच्या २५ ते २८ या वर्षांत मुष्टियोद्धा ऐन भरात असतो. अली यांची तीच वर्षं गेली. १९७० च्या अखेरीस ते परतले तेव्हा पाय पूर्वीसारखे नाचत नव्हते. पूर्वी जे ठोसे हवेत जायचे, ते आता अंगावर येऊ लागले. तेव्हा अली यांना आपल्यातली एक नवी ताकद कळली. ते मार सहन करू शकत होते, आणि तोही भरपूर. त्यांच्या संघातल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हा शोध अली यांच्यासाठी चांगला नव्हता.

मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझरने त्यांना पहिल्यांदा हरवलं. १९७३ मध्ये केन नॉर्टनने जबडा मोडला. मग ३० ऑक्टोबर १९७४ रोजी आफ्रिकेतल्या किन्शासा शहरात त्यांनी जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत खाली पाडलं. त्या लढतीत ते दोरांना टेकून उभे राहिले, फोरमनचे ठोसे अंगावर घेत राहिले, तो दमला आणि मग उलटा वार केला. साऱ्या जगाने या युक्तीचं कौतुक केलं. पण त्या युक्तीची किंमत शरीरच मोजत होतं.

मनिलाची सकाळ

१ ऑक्टोबर १९७५. फिलिपिन्सची राजधानी मनिला. अमेरिकेतल्या टीव्हीच्या वेळेसाठी लढत सकाळी ठेवलेली. हॉलमध्ये प्रचंड उकाडा. समोर पुन्हा जो फ्रेझर. १४ फेऱ्या दोघांनी एकमेकांना इतकं मारलं की बघणाऱ्यांनाही सहन होईना. फ्रेझरचे डोळे सुजून बंद झाले. पंधराव्या फेरीआधी त्यांचे प्रशिक्षक एडी फच यांनी आपल्या माणसाचं काही न ऐकता लढत थांबवली. अली जिंकले आणि तिथेच रिंगमध्ये कोसळले.

फच यांनी मरताना पाहिलेले मुष्टियोद्धे त्यांच्या डोक्यात होते. एका फेरीसाठी फ्रेझर आयुष्यभर नाराज राहिला तरी चालेल, पण तो घरी परत जायला हवा, हा त्यांचा हिशोब. अली यांच्या भोवती अशी माणसं नव्हती का? होती. पण ती थोडी होती, आणि त्यांचं ऐकलं गेलं नाही.

मनिलानंतर अली थांबले असते तर? त्या वेळी ते ३३ वर्षांचे होते. सगळं जिंकून झालं होतं. अमेरिकेतले जाणकारही आजपर्यंत हेच म्हणतात. पण मनिलानंतर ते आणखी १० लढती लढले.

इस्तंबूलमधली घोषणा

१९७६ चं वर्ष बघा. जूनमध्ये टोकियोत अली यांनी जपानी कुस्तीगीर अँतोनियो इनोकीशी एक अजब प्रदर्शनीय सामना खेळला. इनोकी पाठीवर पडून पायावर लाथा मारत राहिला. अली यांच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि इस्पितळात जावं लागलं. सप्टेंबरच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये केन नॉर्टनशी तिसरी लढत झाली. पंचांनी अली यांना विजयी केलं, पण प्रेक्षकांतल्या अनेकांना नॉर्टनच जिंकल्यासारखा वाटला.

त्यानंतर अवघ्या काही दिवसांत अली इस्तंबूलला गेले. तुर्कस्तानचे नेते नज्मुद्दीन एर्बाकान यांच्यासोबत त्यांनी सुलतान अहमद मशिदीत जुमाची नमाज अदा केली. हजारो लोक जमले होते. तिथेच त्यांनी जाहीर केलं की आपण बॉक्सिंग सोडत आहोत आणि यापुढचं आयुष्य दीनच्या कामाला देणार आहोत. वॉरिस दीन मुहम्मद यांचा सल्ला त्यामागे होता.

आमच्या मते तो क्षण सोन्यासारखा होता. विजेतेपद हातात, प्रकृती बरी, बाहेर पडायला याहून चांगला दरवाजा कुठला? पण मे १९७७ मध्ये अली पुन्हा रिंगमध्ये होते.

का परतले? पैसा हे एक कारण. अली यांनी अफाट कमावलं आणि अफाट खर्चही केलं. कुणी मागितलं की द्यायचं, असा स्वभाव. शिवाय घटस्फोटाचा खर्च, कर, फसलेले व्यवहार. त्यांच्याभोवती कायम मोठा गोतावळा असे. कोणी स्वयंपाक करणारा, कोणी मालिश करणारा, कोणी फक्त हसवणारा. त्यांच्या अनेक चुलींचा जाळ अली यांच्या मुठींवर पेटत होता. मुठी थांबल्या की चुली थांबणार.

पण सगळा दोष गोतावळ्यावर टाकणं बरोबर नाही. अली यांना स्वतःलाही गर्दी हवी होती. रिंगमधला उजेड, नावाचा पुकारा, कोट्यवधी लोकांची नजर. ज्याला हे विसाव्या वर्षापासून मिळालं, त्याला सोमवारच्या साध्या सकाळी घरी काय करायचं हे कोण शिकवणार?

डॉक्टरांची पत्रं

२९ सप्टेंबर १९७७ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अर्नी शेव्हर्सशी लढत झाली. शेव्हर्स म्हणजे त्या काळातला सर्वांत जोरकस ठोसा मारणारा माणूस. अली १५ फेऱ्या टिकले आणि जिंकले. पण डोक्यावर जे बसायचं ते बसलं.

दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. गार्डनमध्ये लढती ठरवणारे टेडी ब्रेनर यांनी जाहीर सांगितलं की यापुढे आम्ही अली यांना लढत देणार नाही. ज्या माणसाच्या लढतीतून गार्डनची तिजोरी भरत होती, त्यालाच त्यांनी दार बंद केलं. दुसरी गोष्ट अली यांचे डॉक्टर फर्डी पाचेको यांची. अनेक वर्षं ते अली यांच्या कोपऱ्यात होते. लढतीनंतरच्या तपासणीत अली यांची मूत्रपिंडं बिघडू लागल्याचं त्यांना कळलं. त्यांनी अहवालाच्या प्रती काढल्या आणि अली, त्यांची पत्नी आणि त्यांचे व्यवस्थापक हर्बर्ट मुहम्मद यांना पाठवल्या. कुणाचंही उत्तर आलं नाही. पाचेको यांनी काम सोडलं.

हे प्रकरण वाचताना आम्ही थांबलो. माणूस आजारी आहे, हे कागदावर लिहून घरी पोचलं, आणि घर गप्प राहिलं. आपल्याही घरांत असं होतं. कमावत्या माणसाच्या तपासणीचा कागद कपाटात जातो, कारण तो उघडला तर सगळ्यांनाच काहीतरी सोडावं लागेल.

तिसऱ्यांदा विजेते

१५ फेब्रुवारी १९७८ रोजी लास वेगासमध्ये अली लिऑन स्पिंक्सकडून हरले. स्पिंक्सने त्याआधी व्यावसायिक लढती केवळ ७ खेळल्या होत्या. अली यांनी सराव मनावर घेतला नव्हता.

पराभवावर थांबणं त्यांना मान्य नव्हतं. या वेळी त्यांनी कसून तयारी केली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या बंदिस्त स्टेडियमवर ६० हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर त्यांनी स्पिंक्सला १५ फेऱ्यांत गुणांवर हरवलं. हेवीवेटचं जगज्जेतेपद तीन वेळा जिंकणारे ते इतिहासातले पहिले मुष्टियोद्धे ठरले. वय ३६. पुढच्या वर्षी, १९७९ मध्ये, त्यांनी निवृत्ती जाहीर केली.

गोष्ट इथे संपली असती तर किती छान झालं असतं.

निवृत्तीच्या त्या काळात अली भारतातही येऊन गेले. जानेवारी १९८० मध्ये दिल्लीत त्यांनी पंजाबचे मुष्टियोद्धे कौर सिंग यांच्याशी प्रदर्शनीय सामना खेळला. मद्रासलाही गेले. भारतात असतानाच राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना मॉस्को ऑलिम्पिकच्या बहिष्कारासाठी आफ्रिकी देशांशी बोलायला पाठवलं. आफ्रिकेत त्यांना अवघड प्रश्न विचारले गेले आणि ती मोहीम फसली. पण १३ वर्षांपूर्वी ज्या सरकारने त्यांना गुन्हेगार ठरवलं, तेच सरकार आता त्यांना दूत म्हणून पाठवत होतं. रिंगशिवायही आपल्याला काम आहे, हे त्यांना इथे दिसायला हवं होतं. पण घरी परतल्यावर त्यांनी लढायचं ठरवलं.

लास वेगास, २ ऑक्टोबर १९८०

प्रतिस्पर्धी होता लॅरी होम्स. वय ३०, विजेता, आजवर अपराजित. आणि एके काळचा अली यांचाच शागीर्द. पेन्सिल्व्हेनियात डियर लेक इथे डोंगरावर अली यांचा सराव तळ होता. तिथल्या मोठमोठ्या दगडांवर अली यांच्या वडिलांनी जुन्या मुष्टियोद्ध्यांची नावं रंगवली होती, नमाजसाठी जागाही होती. त्याच तळावर होम्स तरुणपणी अली यांना सराव द्यायचा.

अली यांची तब्येत कशी आहे, ही शंका तेव्हाही होती. बोलणं थोडं जड झालं होतं. नेवाडा राज्याच्या बॉक्सिंग आयोगाने तपासणी मागितली. मेयो क्लिनिकच्या अहवालात नोंद होती की डोळे मिटून नाकाच्या टोकाला बोट लावताना अली यांचं बोट थोडं चुकतं, एका पायावर उडी मारताना तोल नीट राहत नाही. तरीही लढू नये असं अहवालात म्हटलं नव्हतं. परवाना मिळाला.

अली यांनी वजन झपाट्याने उतरवलं. आरशात ते पुन्हा तरुण दिसू लागले. पांढरे केस काळे केले. पण वजन उतरवण्यासाठी त्यांना थायरॉइडचं औषध देण्यात आलं होतं आणि ते त्यांनी सांगितल्यापेक्षा जास्त घेतलं. त्या औषधाने शरीरातली ताकद गळते, उष्णता बाहेर पडत नाही. लढत होती वाळवंटातल्या शहरात, हॉटेलच्या पार्किंगमध्ये उभारलेल्या मैदानात. बाहेरून घडीव दिसणारं शरीर आतून रिकामं होतं.

पहिल्या फेरीनंतरच अली यांना कळलं की आज काही जमणार नाही. दहा फेऱ्या ते उभे राहिले. एकही फेरी ते जिंकले नाहीत. होम्स मध्येच पंचाकडे बघायचा, लढत थांबवा म्हणून. ज्याच्याकडून शिकलो त्यालाच मारायचं, हे त्यालाही जड जात होतं. दहावी फेरी संपली तेव्हा अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. कोपऱ्यातला एक जुना सहकारी विरोध करू लागला, पण डंडी यांनी त्याचं ऐकलं नाही. ६१ लढतींच्या कारकिर्दीत वेळेआधी थांबवली गेलेली अली यांची ही एकमेव हार. होम्स जिंकून रडला.

पैशाचंही ऐका. करार ८० लाख डॉलरचा होता. प्रमोटर डॉन किंग यांच्याकडून हातात आले सुमारे ११ लाख ७० हजार डॉलर कमी. अली कोर्टात गेले आणि पुढे ५० हजार रोख घेऊन त्यांनी दावा सोडून दिला. ज्या पैशासाठी शरीर पणाला लावलं, तोही पूर्ण मिळाला नाही.

नसाऊची घंटा

इतकं झाल्यावर तरी? नाही. आपण औषधामुळे हरलो, वयामुळे नाही, असं अली यांनी मनाशी धरलं. पराभवावर गोष्ट संपू द्यायची नव्हती. नेवाडाच्या आयोगाने चौकशी सुरू केली तेव्हा त्यांनी तिथला परवाना परत केला. मग अमेरिकेबाहेर, बहामा बेटांवरच्या नसाऊ शहरात लढत ठरली. तारीख ११ डिसेंबर १९८१. समोर ट्रेव्हर बर्बिक, वय २७. अली यांना ४० पूर्ण व्हायला जेमतेम पाच आठवडे बाकी.

त्या रात्रीचं वर्णन वाचलं की वाईट वाटतं. मैदानाच्या फाटकाची किल्ली सापडेना, कार्यक्रम दोन तासांहून जास्त उशिरा सुरू झाला. संध्याकाळच्या सगळ्या लढतींसाठी हातमोजे दोनच जोड, म्हणून एका जोडीने लढून काढायचे आणि दुसऱ्यांनी घालायचे. फेरीची घंटाही कुणी आणली नव्हती. शेवटी गाईच्या गळ्यातली घंटा शोधून आणली आणि तीच वाजवली. किन्शासा आणि मनिलात ज्याच्यासाठी राष्ट्रप्रमुखांनी खजिने उघडले, त्याची शेवटची लढत अशी सुरू झाली.

दहा फेऱ्या झाल्या. अली पडले नाहीत. पण तिन्ही पंचांनी बर्बिकला विजयी केलं. त्यानंतर अली यांनी सांगितलं की आता संपलं, वयापुढे आपण हरलो. या वेळी ते खरं होतं.

रिंगबाहेरची पस्तीस वर्षं

१९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि पार्किन्सनसारख्या आजाराचं निदान झालं. वय ४२. हात थरथरू लागले, चेहऱ्यावरचे भाव गोठले, आवाज कुजबुजीइतका झाला. हा आजार ठोशांमुळेच झाला का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. पण इतका मार डोक्याला खाल्लेला चांगला नव्हता, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

इथून पुढचे अली आम्हाला सर्वांत मोठे वाटतात. जगातला सर्वांत बोलका खेळाडू गप्प झाला, पण घरात लपून बसला नाही. १९८६ मध्ये लॉनी यांच्याशी निकाह झाला आणि त्यांनी शेवटपर्यंत सांभाळ केला. अली नमाज, कुराण आणि लोकांच्या भेटी यात रमले. इस्लामची माहिती देणाऱ्या पत्रकांवर थरथरत्या हाताने शेकडो सह्या करून ठेवायचे, म्हणजे सही मागायला येणाऱ्याच्या हाती ती माहितीही जाईल.

नोव्हेंबर १९९० मध्ये ते बगदादला गेले. कुवेतवरच्या हल्ल्यानंतर इराकने परदेशी लोकांना ओलीस ठेवलं होतं. सद्दाम हुसेन यांची भेट मिळेपर्यंत अली तिथे थांबले, औषधं संपत आली तरी थांबले, आणि १५ अमेरिकन नागरिकांना सोबत घेऊन परतले. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत त्यांनी पेटवली. उजव्या हातात मशाल आणि डावा हात सतत थरथरणारा. साऱ्या जगाने ते पाहिलं. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्यांनी स्पष्ट सांगितलं की असं कृत्य करणारे इस्लामचे प्रतिनिधी नाहीत. हॉलिवूडच्या फुटपाथवर नामवंतांच्या नावाचे तारे बसवतात. अली यांचा तारा मात्र भिंतीवर आहे, कारण प्रेषित मुहम्मद (स.अ.) यांचं नाव कुणाच्या पायाखाली यावं हे त्यांना मान्य नव्हतं.

इंतिकालानंतर ९ जून २०१६ रोजी लुईव्हिलच्या फ्रीडम हॉलमध्ये त्यांची जनाजाची नमाज झाली. रमजानचा महिना होता. १९६१ साली याच हॉलमध्ये ते लढले होते. हजारो लोक आले, त्यात मुस्लिमेतरही मोठ्या संख्येने होते. हे सगळं कसं व्हावं, याची तयारी अली यांनी आधीच करून ठेवली होती. शेवटच्या लढतीचा बेत त्यांना जमला नाही, पण शेवटच्या प्रवासाचा नीट जमला.

आपण काय घ्यायचं?

आपली अनेक मुलं आज तालमीत जातात, जिममध्ये जातात, बॉक्सिंगचे हातमोजे घालतात. त्यांनी जरूर अली व्हावं. पण त्यांच्या पालकांना आणि उस्तादांना आमचं सांगणं आहे की एडी फच यांचं नावही लक्षात ठेवा. शिष्य नको म्हणत असतानाही लढत थांबवणारा माणूस प्रत्येक मुलाच्या कोपऱ्यात असायला हवा.

आणि हे फक्त खेळापुरतं नाही. रात्रपाळीवर रात्रपाळी करणारा भाऊ, छातीत दुखत असताना दुकान उघडणारे अब्बा, गुडघे गेले तरी सगळ्यांचा स्वयंपाक एकटीने ओढणारी अम्मी. हे सगळे आणखी एक लढत लढत असतात. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, हे आपण ऐकतो. ती सांभाळण्याची जबाबदारी एकट्या त्या माणसाची नसते. त्याच्या कमाईवर जगणाऱ्या, त्याच्या हातचं खाणाऱ्या सगळ्यांची ती असते.

१९६७ साली अली यांनी अमेरिकेच्या सरकारला नाही म्हटलं. त्यासाठी मोठी हिंमत लागली. १९८० साली त्यांना आपल्याच माणसांना आणि आपल्याच मनाला नाही म्हणायचं होतं, आणि ते त्यांच्याच्यानेही झालं नाही. इतक्या मोठ्या माणसाला जे एकट्याने जमलं नाही, ते आपल्या घरातल्या माणसाला एकट्याने जमेल अशी अपेक्षा आपण ठेवू नये. डॉक्टरांचा कागद घरी आला तर तो सगळ्यांसमोर उघडा. उत्तर द्या.

अल्लाह मुहम्मद अली यांची मगफिरत करो आणि त्यांना जन्नतुल फिरदौसमध्ये जागा देवो. आमीन.